बैल, वाफ, डिझेल, वीज : कोल्हापूरच्या मालवाहतुकीचा धागा

१/ ‘कर्बमुक्त मालवाहतूक’ म्हटले की विजेवरचा ट्रक डोळ्यांसमोर येतो. पण दीडशे वर्षांपूर्वी कोल्हापूरची सगळी मालवाहतूक धुराविनाच चालत होती. ती का बदलली आणि बदलाची किंमत कोणी मोजली, हे आजच्या धाग्यात पाहू.

२/ रेल्वेपूर्वी करवीरचा माल बैलांच्या पाठीवरून आणि बैलगाड्यांतून फोंडा, बावडा, अणुस्कुरा या घाटांनी कोकणात उतरे. खाली राजापूर, खारेपाटण ही खाडीवरची बंदरे होती. तेथून पुढे शिडाची गलबते. इंधन म्हणजे कडबा आणि वारा! मात्र या चित्राच्या प्रेमात पडू नये. पावसाळ्यात घाट निसरडे होत, समुद्र खवळे आणि व्यापार महिनोन्महिने थंडावे. चढणीवरचा सारा भार मुक्या जनावरावर पडे.

३/ १८९१ साली कोल्हापूर–मिरज लोहमार्ग सुरू झाला. तो कोल्हापूर संस्थानाचा होता आणि सदर्न मराठा रेल्वे कंपनी तो चालवीत असे. शाहू महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली ती १८९४ साली. म्हणजे लोहमार्गाचा निर्णय त्यांच्या अल्पवयीन काळातला. त्या लोहमार्गाचे बाजारपेठेत रूपांतर करण्याचे श्रेय मात्र निःसंशय महाराजांचे.

४/ १८९५ साली त्यांनी रेल्वे स्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. गुऱ्हाळातून निघालेले गुळाचे रवे बैलगाडीने पेठेत येत, तेथे सौदे होत आणि माल वाफेच्या गाडीने बाहेर जाई. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : रेल्वे आली म्हणून बैल संपला नाही. लांबचा पल्ला कोळशाने घेतला, गावापासून पेठेपर्यंतचा पल्ला बैलाकडेच राहिला.

५/ आता खरी मेख. कोल्हापूर–मिरज–पुणे हा मार्ग मीटरगेज होता, तर पुणे–मुंबई ब्रॉडगेज. रुळांची रुंदी बदलली की डबा पुढे जाऊ शकत नाही. मुंबईचा माल पुण्यात उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. प्रत्येक चढ-उतारीत वेळ जाई, मजुरी वाढे आणि नासधूस होई. गुळासारख्या दमट हवेने पाझरणाऱ्या मालाला तर हे अधिकच जाचक.

६/ तिकडे मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची रेल्वेगाडी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली. १९३० पर्यंत तारा बोरघाट ओलांडून पुण्याला पोहोचल्या. हेतू हवामानरक्षणाचा नव्हता. घाटातली चढण आणि वाढती वाहतूक वाफेला पेलवत नव्हती. शिवाय रेल्वेसाठी ठाकुर्लीला उभारलेले वीजघर कोळशावरच चालत असे. धूर नाहीसा झाला नाही, त्याने केवळ जागा बदलली. आज विजेवरच्या वाहनांविषयी बोलताना हा धडा विसरता येणार नाही.

७/ कोल्हापूरला ब्रॉडगेज मिळाली १९७१च्या सुमारास. तोवर फार उशीर झाला होता. डिझेलचा ट्रक दुकानाच्या दारात माल भरून घेई आणि थेट गिऱ्हाइकाच्या दारात उतरवी. मधली चढ-उतार नाही, वाघिणीची वाट पाहणे नाही. हीच कथा देशभर घडली. स्वातंत्र्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मालवाहतुकीचा बहुतांश वाटा रेल्वेकडे होता. आज तो तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आला आहे.

८/ ट्रक जिंकला तो इंधनाच्या बळावर नव्हे. पोलादी रुळावर पोलादी चाकाला घर्षण कमी, म्हणून तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर नेण्यास रेल्वेला पुष्कळ कमी ऊर्जा पुरते. ट्रक जिंकला कारण माल एकदाच भरावा आणि एकदाच उतरवावा लागतो. कोकण रेल्वेने १९९९ साली हे हेरले आणि भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर चढवून न्यायला सुरुवात केली. ती ‘रो-रो’ सेवा. २०२२ साली कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरणही पूर्ण झाले.

९/ कोल्हापूर–वैभववाडी लोहमार्गाची घोषणा २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात झाली. तो झाला तर जुन्या घाटवाटांची दिशा पुन्हा जिवंत होईल, तीही विजेवर. पण सह्याद्रीतले बोगदे खर्चिक आहेत आणि तेथील जंगल अमोल आहे. आणि स्थानकापासून पेठेपर्यंतची सोय झाली नाही, तर १९७१ची पुनरावृत्ती अटळ आहे.

१०/ शेवटी माणसांचा प्रश्न. घाटातले तांडे आणि गाडीवान बाजूला पडले, तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. हमालांना कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९६९च्या माथाडी कायद्याने, दीर्घ संघर्षानंतर. उद्या डिझेल मागे पडेल तेव्हा ट्रकचालक, क्लीनर आणि हायवेलगतचे गॅरेजवाले यांचे काय? इंधन बदलणे हे अभियंत्यांचे काम असेल. त्याचा भार कोणावर पडावा, हे मात्र समाजाने ठरवायचे असते.

११/ तुमच्या घरात कोणी गाडीवान, हमाल वा ट्रकचालक होते का? त्यांच्या आठवणी आजच लिहून ठेवा. संस्थानी दफ्तरात मालाचे हिशेब सापडतात, तो वाहणाऱ्यांची नावे क्वचितच. धागा समाप्त.