आरसी बुकात पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल

आपल्याकडे जुन्या जीपचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, "ओरिजिनल आहे का?" गेली काही वर्षं हाच प्रश्न सरकारही विचारतंय. आणि त्याच्या उत्तरावर तालुक्यातालुक्यात उरलेल्या गाड्यांचं भवितव्य ठरणार आहे. म्हणून जरा इतिहास बघू.

१९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने ४९ दिवसांच्या मुदतीत पहिली गाडी करून दिली. पण ही कंपनी एवढी मोठी मागणी पुरवू शकेल असं लष्कराला वाटेना. मग मोठं काम विलीज आणि फोर्डला गेलं. दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त गाड्या काढल्या. अट अशी, की एकाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे. फोर्डने आपल्या बोल्टांवर इंग्रजी 'एफ' ठोकला खरा, पण लष्कराच्या वर्कशॉपात गाडी उघडली की हा भाग इकडचा, तो तिकडचा. म्हणजे अस्सल युद्धातल्या जीपसुद्धा बऱ्याच मिश्र वंशाच्या!

युद्ध संपलं आणि बर्मा आघाडीसाठी आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच आपल्याकडे लिलावात निघाल्या. स्टिअरिंग डावीकडे. कुणी ते तसंच ठेवलं, कुणी उजवीकडे घेतलं. आपल्याकडच्या फेरफारांची सुरुवात इथूनच झाली.

१९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. विलीजच्या जीपचे सुटे भाग जहाजाने यायचे आणि मुंबईत माझगावला जोडले जायचे. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. अमेरिकेत ती साठच्या दशकात बंद झाली, आपल्याकडे मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिली. वन खातं, पाटबंधारे, पोलीस, साखर कारखाना, आणि निवडणूक आली की कर्णा बांधलेली प्रचाराची गाडी, सगळीकडे हीच.

अडचण एकच, ती पेट्रोल प्यायची. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना आणि गावोगावच्या मिस्त्र्यांनी जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यात एक पान वाढवायचं. इंजिनचे माउंटिंग कापून नव्या जागी वेल्डिंग करायचे. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळत नाहीत, म्हणून मधे लेथवर प्लेट कातून घ्यायची. तरी एक दुखणं राहायचंच. सीजे-३बीच्या डिफरन्शलचं प्रमाण ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट पाचहून जास्त वेळा फिरणार. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर चालणारं. त्यामुळे गाडी ओढायची भरपूर, पण हायवेवर नुसतीच ओरडायची.

गंमत म्हणजे कंपनीनेही तेच केलं. १९६३ पासून महिंद्राचं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरचं काम चालू होतं. त्याच घराण्यातलं डिझेल इंजिन पुढे जीपमध्ये आलं. मग प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं इंजिन आलं, ते एमएम-५४० मध्ये बसलं. गल्लीतल्या गॅरेजात आणि कारखान्यात एकच विचार चालू होता.

आमच्या तालुक्यात साठच्या दशकातली एक जीप आहे. मालक निवृत्त शिक्षक, आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी. दर पंधरा दिवसांनी ग्रीसगन घेऊन खाली शिरतात. पाट्यांचे शॅकल, जॉइंट क्रॉस, स्टिअरिंगचे सांधे, एकेक निपल पुसून ग्रीस मारतात. पावसाळ्यात ओढा ओलांडला की डिफरन्शलच्या ऑईलचा रंग बघायचा. दुधाळ दिसलं की पाणी शिरलं, ऑईल बदलायचं. मी विचारलं, "गुरुजी, गॅरेजला का देत नाही?" म्हणाले, "अरे, ही उघडायला सोपी म्हणून तर टिकली. बॉनेट उघडलं की सगळं हाताला लागतं."

त्यांच्या आरसी बुकात इंधन पेट्रोल लिहिलंय. बॉनेटखाली चाळीसेक वर्षांपासून डिझेल आहे.

आता कायद्याकडे येऊ. मोटार वाहन कायदा १९८८ चं. त्यातल्या कलम ५२ मध्ये पूर्वी नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीने फेरफाराला वाट होती. २००० च्या दुरुस्तीने ती फार अरुंद केली. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या केरळमधल्या प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षा आली, नियमाबाहेरच्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये मोटारींसाठी ६०० वरून ५००० झाली ती वेगळीच.

मग २०२१ चा व्हिंटेज गाड्यांचा नियम गुरुजींना वाचवेल का? गाडीचं वय ५० च्या वर पाहिजे, ते आहे. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. इथे गुरुजी बाद. शिवाय व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, रॅली आणि प्रदर्शनापुरतीच. म्हणजे ज्याने गाडी झाकून ठेवली तो वारसा जपणारा. ज्याने पन्नास वर्षं चालवली, पदरमोड करून जिवंत ठेवली, तो नियम मोडणारा.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे एकतर्फी होईल. सगळे फेरफार निरुपद्रवी नसतात. जुन्या चासीवर ताकदवान इंजिन चढवायचं, भलेमोठे टायर घालायचे आणि ब्रेक मात्र तेच जुने ड्रमचे ठेवायचे, हा जिवाशी खेळ आहे. हौशी पोरांच्या अशा गाड्या घाटात बघितल्या की धडकी भरते. त्यांना आवर घातलाच पाहिजे.

पण चाळीस वर्षांपूर्वी गरजेपोटी केलेलं डिझेल इंजिन आणि गेल्या महिन्यात रील्ससाठी केलेली उंच गाडी, दोन्हींना एकच माप लावणं हा न्याय नव्हे. माझं म्हणणं साधं आहे. एका ठरावीक वर्षाआधीच्या फेरफारांसाठी एकदाच मुदत द्या. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर तपासा. जी गाडी पास होईल, तिच्या आरसीवर खरं इंजिन आणि खरं इंधन लिहा. नापास होईल ती खुशाल भंगारात जाऊ द्या. यात सरकारचाही फायदाच आहे, आज कागदावर जे खोटं आहे ते खरं होईल.

नाहीतर गुरुजींसारख्या गाड्या दंडाच्या भीतीने शेडमध्ये गंजतील आणि एक दिवस किलोच्या भावाने जातील. त्यांच्याबरोबर लेथवर प्लेट कातणाऱ्या त्या मिस्त्र्यांची विद्याही जाईल. ती कुठल्याच पुस्तकात नाही, त्या गाड्यांच्या बॉनेटखालीच आहे.

तुमच्या गावात अशी जीप असेल, तर ती कुठल्या साली बदलली आणि कुठल्या मिस्त्रीने बदलली, एवढं तरी मालकाला विचारून लिहून ठेवा. उद्या नियम बदलायची मागणी करायची झाली, तर हीच नोंद कामी येईल.