कुंडल रोड ते किर्लोस्करवाडी

आपल्या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. बेळगावातली जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी या स्टेशनाजवळचा माळ दिला. निवडुंग भरपूर, पाणी कमी. पण रेल्वे जवळ होती. लोखंड आणायला, नांगर पाठवायला तीच वाट. १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ही इथूनच निघू लागलं. पुढे स्टेशनालाच वाडीचं नाव मिळालं.

आधी औंध संस्थान, मग दक्षिण सातारा, १९६० पासून सांगली: जिल्हा बदलत गेला. आपल्यातल्या बहुतेकांचे वडील-आजोबा नोकरीसाठी इथे उतरले. म्हणून ‘मूळ गाव कोणतं?’ विचारलं की आपण दुसरंच नाव सांगतो. मुलांना मात्र हेही गाव आपलंच म्हणून सांगूया.