रिचर्ड, क्लिफ : जन्मतपशिलांची पडताळणी
रिचर्ड, क्लिफ : (१४ ऑक्टोबर १९४०– ). ब्रिटिश पॉप गायक. जन्म लखनौच्या किंग जॉर्ज रुग्णालयात. बालपणीचे घर हजरतगंजच्या मकबरा भागात, अमीनाबादच्या बाजारापासून फार दूर नाही. पडताळणीत पहिली अडचण नावाची. ‘क्लिफ रिचर्ड’ हे नाव १९५८ मध्ये घेतलेले. जन्मनोंदीत शोधायचे ते हॅरी रॉजर वेब. त्यातल्या ‘रॉजर’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जास्तीचा ‘डी’ आहे. देवनागरीत तो लपतो, म्हणून मूळ कागदच पाहावा. वडील रेल्वेला खानपान पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे व्यवस्थापक होते. कुटुंब पुढे हावड्याला आणि १९४८ मध्ये ‘रांची’ जहाजाने इंग्लंडला गेले. पडताळणीसाठी बाप्तिस्म्याची नोंदही शोधता येते; ब्रिटिश अमदानीत भारतातल्या बाप्तिस्म्यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. तो मोलाचा संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.