बेगमी आणि कुलूप

पूर्वी पावसाळ्याचे चार महिने कोकणातल्या वाटा बंद होत, म्हणून वैशाख संपायच्या आत घरोघर बेगमी केली जाई. तांदूळ, मीठ, मिरच्या, कोकमे, सुकी मासळी, पापड, फणसाची साठे, लाकूडफाटा. गोव्यात याच साठवणीला पुरुमेंत म्हणतात आणि पावसाच्या तोंडावर फेस्ताच्या निमित्ताने त्याचा बाजार आजही भरतो. बेगमीमागचा विचार साधा आहे. वाट बंद होणार हे ठाऊक असते, तेव्हा ती उघडी आहे तोवर लागेल ते घरात आणून ठेवायचे. खरी परीक्षा असते ती हिशोबाची. काय आणायचे, किती आणायचे आणि ते टिकेल किती दिवस?

आज मला ज्या विषयावर बोलायचे आहे तो वरवर पाहता फार दूरचा आहे. मोबाइल फोनमधली ॲप्स नेटवर्क नसतानाही चालावीत म्हणून मजकूर, नकाशे, गाणी, चित्रफिती फोनच्या पोटातच साठवून ठेवतात. 'ऑफलाइन' हा शब्द आता भाजीवालाही वापरतो. पण ही सोय कशी आली याचा माग काढू लागलो तेव्हा मला बेगमीचे तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा भेटले. शिवाय एक चौथाही भेटला, जो आमच्या आजीला कधी पडला नव्हता. कोठार आपल्या घरात, पण त्याची किल्ली कोणाकडे?

स्मार्टफोनच्या खूप आधीपासून सुरुवात करू. अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. तिथे महादेव सत्यनारायणन हे मद्रासच्या आयआयटीत शिकलेले संशोधक १९८७ पासून 'कोडा' नावाच्या एका प्रणालीवर काम करत होते. विद्यापीठातल्या सगळ्यांच्या फाइली मध्यवर्ती संगणकांवर, म्हणजे सर्व्हरवर असत. सर्व्हर बंद पडला की सगळे हात बांधून बसत. त्यातच मांडीवर घेण्याजोगे संगणक नुकते येऊ लागले होते. लोक ते घरी नेत, पण तार सुटली की फाइली विद्यापीठातच राहत. सत्यनारायणन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स किस्टलर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात यावरचा उपाय तपशीलवार मांडला. तार जोडलेली असताना संगणकाने जी तयारी करायची, तिला त्यांनी नाव दिले 'होर्डिंग'. आपल्याकडे या शब्दाचे भाषांतर साठेबाजी असे होते आणि रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या पिढीला तो शिवीसारखा वाटतो. इथे मात्र तो सद्गुण होता.

पण नेमके काय साठवायचे? डिस्क तर लहान. कोडाने दोन गोष्टी एकत्र केल्या. माणसाने अलीकडे काय उघडले ते संगणक पाहत असेच, शिवाय माणूस स्वतःही यादी देऊन कोणत्या फाइलीला किती महत्त्व ते आकड्याने सांगू शकत असे. दर दहा मिनिटांनी संगणक ही यादी पुन्हा तपासून साठा ताजा करी. निघायच्या आधी घाईने एकदा तपासणी करून घेण्याचीही सोय होती.

तार सुटल्यावर दुसरा अंक सुरू होई. आता आपल्या संगणकानेच सर्व्हरचे सोंग घ्यायचे आणि तुम्ही जे जे बदल कराल ते वहीत टिपून ठेवायचे. तार पुन्हा जोडली की तिसरा अंक. वहीतला प्रत्येक बदल क्रमाने सर्व्हरला ऐकवायचा. यात धोका उघड आहे. मी घरी बसून एक फाइल बदलली आणि माझ्या सहकाऱ्याने विद्यापीठात तीच बदलली तर? पुष्कळ जाणकारांचे मत होते की म्हणूनच अशा फाइलींना आधी कुलूप लावायला हवे. कोडाच्या मंडळींनी वाद घालत न बसता विद्यापीठातल्या नोंदी तपासल्या. फाइलींमधल्या ९९ टक्क्यांहून अधिक बदलांच्या बाबतीत आधीचा बदलही त्याच माणसाने केलेला होता. म्हणजे भांडण क्वचितच होणार होते. त्यांनी कुलूप काढून टाकले आणि क्वचित होणाऱ्या भांडणापुरती तोड काढली. आज विमानात बसून तुम्ही ईमेल लिहिता, 'पाठवा' दाबता आणि उतरल्यावर ती आपोआप जाते, तेव्हा असाच दुसरा आणि तिसरा अंक तुमच्या खिशात चाललेला असतो.

हा विचार खिशात यायला फार वेळ लागला नाही. १९९६ साली 'पायलट' नावाचा तळहाताएवढा संगणक आला. सर्वांत स्वस्त नमुन्याची स्मृती होती १२८ किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवर येणारे सुप्रभातचे एक चित्रही त्यात मावणार नाही कदाचित! पुढे त्याच्यासाठी 'अव्हान्टगो' ही सेवा निघाली. रात्री हे यंत्र टेबलावरच्या बैठकीत खोचायचे, एक बटण दाबायचे, की संगणकाला जोडलेल्या इंटरनेटवरून तुम्ही निवडलेल्या वृत्तपत्रांची पाने त्यात उतरत. सकाळी गाडीत वाचायला तयार. छायाचित्रे जवळजवळ नाहीत, अक्षरे करडी, पण बातमी हाती. फोनलाच इंटरनेट मिळू लागल्यावर हे कोणाला हवे, अशी समजूत पसरली आणि २००९ च्या जूनअखेर ही सेवा बंद झाली.

त्या समजुतीचा अंमल थोडी वर्षे फार जोरात होता. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा बाहेरच्या कोणाला त्यावर ॲप टाकण्याची परवानगीच नव्हती. इंटरनेटवरची पानेच ॲपसारखी बनवा, असे प्रोग्रामरांना सांगण्यात आले. नेटवर्क गेले की ॲपही गेले. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडले तेव्हा चित्र बदलले. त्याच वर्षी मार्को आर्मेंट या तरुणाने 'इन्स्टापेपर' काढले. दिवसा दिसलेले लेख साठवायचे आणि आगगाडीच्या प्रवासात वाचायचे. म्हणजे अव्हान्टगोला मूठमाती देतानाच त्याची गरज नव्याने उगवत होती. ब्राउझरमधल्या पानांनाही ही विद्या शिकवण्याचे प्रयत्न झाले. गुगलचे 'गिअर्स' २००७ मध्ये आले आणि काही वर्षांतच गेले. त्यानंतरची 'ॲपकॅश' नावाची तजवीज एकदा साठवलेले शिळे पान काही केल्या सोडत नसे आणि तिने प्रोग्रामरांना पुरते रडवले. २०१५ पासून ब्राउझरांत येऊ लागलेल्या 'सर्व्हिस वर्कर' या तंत्राने तो घोळ बराचसा मिटवला. असो, हा भाग कारागिरांचा आहे.

नकाशांची गोष्ट मात्र सर्वांची आहे. मी सह्याद्रीत भटकतो. हरिश्चंद्रगडावर खिरेश्वरच्या बाजूने चढताना फोनचे नेटवर्क जाते, आणि बरोबरची मुले हमखास म्हणतात, "काका, आता जीपीएस बंद." तसे नसते. जीपीएस उपग्रहांकडून येते, त्याला इंटरनेट लागत नाही. आपण कुठे आहोत हे फोनला ठाऊक असते, पण त्याखाली अंथरायला नकाशा नसतो. निळा ठिपका करड्या कागदावर उभा असतो.

सुरुवातीला फोनवरचे नकाशे म्हणजे चौकोनी चित्रांच्या फरशा असत. जवळून पाहायचे तर नव्या फरशा, दुरून पाहायचे तर आणखी वेगळ्या. शहराचा नकाशा साठवायचा म्हणजे फरशांचा डोंगर. डिसेंबर २०१० मध्ये गुगलने अँड्रॉइडवर ही पद्धत बदलली. चित्राऐवजी फक्त रेषा आणि बिंदूंचे वर्णन पाठवायचे आणि चित्र फोननेच काढायचे. लागणारा डेटा शंभरपटीच्या आसपास घटला, आणि अख्खे शहर साठवणे शक्य झाले. २०१२ मध्ये तशी सोयही आली. पुढच्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यातून ते बटणच गायब झाले! शोधण्याच्या चौकटीत 'ओके मॅप्स' असे टाइप केले तर नकाशा साठे, पण ते कळणार कोणाला? हा मंत्र कानोकानी पसरला, तक्रारी झाल्या आणि बटण परतले. नेटवर्कशिवाय रस्ता दाखवण्याची सोय यायला नोव्हेंबर २०१५ उजाडले. मला यात कंपनीचा दुष्टपणा दिसत नाही. जिथे नेटवर्क जातच नाही अशा इमारतीत बसलेल्या माणसाला हे बटण अडगळ वाटणे स्वाभाविक आहे.

आपल्या देशात नेटवर्क होते तिथेही डेटा महाग होता, म्हणून आपली बेगमी बाजारात होई. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काही रुपये दिले की मेमरी कार्ड गाण्यांनी आणि सिनेमांनी भरून मिळे. कायद्याच्या दृष्टीने ही चोरीच. पण गिऱ्हाइकाला काय हवे आहे, हे त्या दुकानदारांना मोठ्या कंपन्यांच्या आधी कळले होते. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने चित्रफीत साठवण्याची सोय भारतात सुरू केली. ती फोनमध्ये राही, पण ४८ तासच. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०१६ मध्ये ही सोय दिली. त्यातल्या काही चित्रफिती पाहायला सुरुवात केल्यापासून ठराविक तासांत मावळतात. साठवलेली फाइल तुमच्या फोनमध्ये असते, तुमची जागा खाते, पण ती सांकेतिक रूपात बंद असते. परवान्याची मुदत संपली की ॲप ती उघडत नाही.

इथे किल्लीचा प्रश्न येतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने विकलेल्या काही ई-पुस्तकांचे हक्क विक्रेत्याकडे नव्हते असे उघडकीस आले. कंपनीने लोकांचे पैसे परत केले आणि त्यांच्या किंडलमधून ती पुस्तके दुरूनच पुसून टाकली. त्यात जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी होती, ज्यात सरकार जुने कागद जाळून इतिहास बदलते! एका विद्यार्थ्याने पुस्तकावर केलेली टिपणे त्यामुळे निरुपयोगी झाली. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. पण कपाटातले पुस्तक दुकानदार परत नेऊ शकतो, हे जगाला कळले ते कळलेच.

'पॉकेट' या सेवेचे उदाहरण अगदी अलीकडचे. लेख साठवून नंतर वाचण्यासाठी असंख्य लोक ती वापरत. ८ जुलै २०२५ रोजी ती बंद झाली. संग्रह उतरवून घ्यायला काही महिन्यांची मुदत मिळाली, पण हाती आली ती पत्त्यांची आणि शीर्षकांची यादी, लेखांचा मजकूर नव्हे. त्यातली कितीतरी पाने इंटरनेटवरून केव्हाच नाहीशी झालेली असणार. ज्यांनी ती 'साठवली' होती, त्यांच्याकडे आता घर पडलेल्या माणसाचा पत्ता तेवढा उरला.

याच्या उलट चाललेला एक प्रयत्न मला मोलाचा वाटतो. २००७ मध्ये सुरू झालेले 'किविक्स' अख्खा विकिपीडिया एका फाइलीत बांधून देते. इंग्रजीची चित्रांसह फाइल शंभर गिगाबाइटहून थोडी मोठी भरते. ती आज एका मेमरी कार्डावर मावते. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची फाइल त्या मानाने फारच लहान. शाळेत तळहाताएवढ्या संगणकावर ती ठेवली की आसपासचे फोन वायफायने वाचू शकतात, बाहेरचे इंटरनेट लागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि कित्येक गावांत वीज व मोबाइलचे मनोरे दिवसचे दिवस बंद राहिले. शाळा तर साथीमुळे आधीच बंद होत्या. तिथे असा साठाही फोन चार्ज असेपर्यंतच चालला असता, हे खरे. पण विकिपीडियाचा मजकूर कोणीही उतरवून घ्यावा आणि वाटावा असा परवाना त्याला पहिल्यापासून आहे. त्यामुळे या फाइलीला कुलूप नाही, मुदत नाही. ती एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये देताना कोणाला विचारावे लागत नाही. फाइलीच्या नावात फक्त वर्ष आणि महिना लिहिलेला असतो, म्हणजे माल किती जुना आहे ते घेणाऱ्याला कळते.