विनोद म्हणजे हाकलणं

आमच्या आटपाडीत ‘विनोद’ फक्त पुस्तकात असायचा. घरात चालायची ती मस्करी. मस्करी अरबी ‘मस्खरा’वरून आलेली. ‘विनोद’ मात्र अस्सल संस्कृत : ‘वि’ अधिक ‘नुद्’. नुद् म्हणजे ढकलणं. म्हणजे बघा, विनोदाचा मूळ अर्थ हसवणं नव्हेच, घालवून देणं!

हे कोशात वाचलं आणि मला १९७२ चा दुष्काळ आठवला. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायची. एखादा ढग डोक्यावरनं तसाच पुढं निघाला, की हातोडा थांबवून ती ओरडायची, “आरं पावण्या, पाणी तरी पिऊन जा की!”

बाया पोट धरून हसायच्या. ढग काही थांबायचा नाही. पण तेवढा वेळ भूक लांब उभी राहायची.

आजीला संस्कृत येत नव्हतं. धातू मात्र तिनं बरोबर चालवला.