आजीचा वाटा, आत्याची खोली



परिग्रह-परिमाण व्रतात सगळ्यात आधी नाव येतं क्षेत्र आणि वास्तूचं, म्हणजे शेत आणि घराचं. सोनंनाणं, धान्य, भांडीकुंडी त्यानंतर. पण मर्यादा घालायची तर ते आधी आपलं असायला हवं ना? आपल्या आज्या-पणज्यांची वास्तू कायद्याने कितपत त्यांची होती, ते शोधायला मी कोर्टाचे जुने निकाल वाचत बसले.

एक गोष्ट वाचून बरं वाटलं. इंग्रजी अमदानीत हिंदू विधवेला नवऱ्याचं घर मिळालं तरी ते हयातीपुरतंच, आणि तशीच निकड असल्याशिवाय तिला ते विकता येत नसे. पण १८७८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एका अग्रवाल जैन घराण्याच्या खटल्यात मान्य केलं, की त्या ज्ञातीच्या चालीप्रमाणे निपुत्रिक विधवा नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीची पूर्ण मालकीण होते. मात्र अशी चाल पुराव्याने सिद्ध करावी लागे. आणि मुलगे असले, की बाईला पोटगी आणि राहायला जागा. मुला-नातवंडांनी वाटणी मागितली तर एक हिस्सा, तोही हयातीपुरताच.

१७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला. तो आपल्या जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम १४ ने बाईच्या ताब्यातली अशी मिळकत तिच्या पूर्ण मालकीची केली. मध्य प्रदेशातल्या एका दिगंबर जैन घराण्यात तेव्हा वाटणीचा दावा चालू होता. कोर्टाने विधवा आजींचा हिस्सा ठरवला होता, प्रत्यक्ष वाटप व्हायचं होतं. कायदा आला आणि पंधरा-सोळा दिवसांत आजी वारल्या! विरुद्ध बाजू म्हणाली, हिस्सा हातात पडलाच नाही, मग तो त्यांचा कसा? १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की हुकूमनाम्यात ठरलेला हिस्सा हासुद्धा ताबाच. आजी मालकीण म्हणूनच गेल्या होत्या. त्या दोन आठवड्यांमुळे त्यांचा वाटा त्यांच्या स्वतःच्या वारसांकडे गेला.

पण याच कायद्यात कलम २३ होतं. वडिलांच्या मागे मुलगी वारस खरी, पण कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी तिला मागता येत नसे. भावांनी वाटणी करायचं ठरवलं तरच. अविवाहित, विधवा किंवा टाकलेल्या मुलीला फक्त राहण्याचा हक्क. माझी विधवा आत्या आमच्या वाड्यात मागच्या खोलीत तीस वर्षं राहिली. सगळे म्हणत, "भावांनी सांभाळलं हो!" तीही तेच म्हणायची. वाड्यात तिचा हिस्सा होता हे तिला कुणी सांगितलं नाही. तिच्या भावांना तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, कलम २३ ही गेलं. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरून काढता येत नाहीत.

आता उरलं हक्कसोडपत्र. आपल्याकडे बहिणीने सही केली की "केवढा त्याग केला" म्हणतात. असेलही. कुणी आपखुशीने दिलं तर माझी काही तक्रार नाही. पण कागद वाचून न दाखवता, चहा पिता पिता घेतलेल्या सहीला मी त्याग म्हणणार नाही. सही नोंदणी कार्यालयात झाली की ती फिरवणं फार अवघड. तेव्हा आधी मिळकत पत्रिकेचा उतारा मागा. त्यावर आपलं नाव लागलंय का, किती जणांबरोबर लागलंय, ते पाहा. आणि कागद घरी आणून एक रात्र ठेवा.