ईथरनेट जोडणीचा वेग

संगणकजाळ्यातील दोन उपकरणांमधील तारेवरून माहिती वाहण्याची गती. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पॅलो ॲल्टो केंद्रात कल्पिलेल्या ईथरनेटचा वेग सेकंदास २·९४ मेगाबिट होता. १९८३ च्या प्रमाणकाने तो १० केला. १९९५ मध्ये १०० मेगाबिटच्या प्रमाणकाबरोबर, दोन्ही टोकांनी क्षमता कळवून सर्वोच्च समाईक वेग ठरविण्याची स्वयंचलित पद्धती आली. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतींत जुने यंत्रनियंत्रक नव्या स्विचला जोडताना तिचे महत्त्व कळते. एकाच टोकास वेग व दुहेरी वहन हाताने निश्चित केल्यास दुसरे टोक वेग ओळखते, पण एकेरी वहनच स्वीकारते. जोडणी चालू दिसते. मात्र भार वाढताच माहिती गळते. म्हणून दोन्ही टोकांची मांडणी सारखीच ठेवावी लागते.